रातीचं गोत

संजीवनीच्या दुकानात दिवसभर माणसं हसू दाबून बसतात. मलकापूरच्या तहसील कचेरीसमोर तिचा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. मागे निळा पडदा, पुढे एक स्टूल. कुणाला पासपोर्टचा फोटो हवा असतो, कुणाला नोकरीच्या अर्जाला लावायचा. तिचा नवरा गोपाल बियाणं-खताच्या दुकानात कामाला आहे. बायकोचा धंदा सोपा, असं त्याचं ठाम मत. एक बटण दाबायचं आणि पुढच्याला हाक मारायची.

संध्याकाळी शटर ओढलं की तिचा दुसरा दिवस सुरू होतो. जेवणं उरकतात. ती स्कूटीला ट्रायपॉड बांधते. गोपाल मागे बसतो. रात्री एकट्या बाईनं फिरू नये, असं पहिल्यांदा तोच म्हणाला होता. आता तिनं कॅमेरा लावला की तो स्कूटीवर मान टाकतो. एकदा पोलिसांची गाडी थांबली. हवालदारानं विचारलं, "बाई, एकट्याच?"

"नाही हो साहेब, संरक्षण आहे की," म्हणत तिनं घोरणाऱ्या नवऱ्याकडे बोट दाखवलं.

सुरुवात एका लग्नापासून झाली. नांदुऱ्याकडचं लग्न उरकून दोघं परतत होते. उड्डाणपुलावर स्कूटी बंद पडली. गोपाल प्लगशी खटपट करत बसला. तिला करायला काही नव्हतं. तिनं कॅमेरा कठड्यावर ठेवला, खाली स्टेशनाकडे रोखला आणि शटर बराच वेळ उघडं ठेवलं. तेवढ्यात एक मालगाडी गेली. फोटो उमटला तेव्हा त्यात गाडी नव्हती. उजेडाची एक सरळ रेघ होती. रेघेपलीकडे रूळ, सिग्नलचा लाल ठिपका, ताडपत्रीखालच्या कापसाच्या गाठी. सगळं लख्ख. तिचा जन्म या गावात गेला होता आणि हे गाव तिनं पाहिलंच नव्हतं.

गाणं त्यात नंतर शिरलं. स्टेशन रोडवरच्या एका बंद दुकानाचा फोटो ती काढत होती. बाजूच्या म्हाताऱ्या चहावाल्यानं विचारलं, "काय काढून राह्यली व?"

"दुकान."

"बंद दुकान? उघडं असलं तर कोणी पाहत नाई." मग तो जवळ आला. "या फळीवर बँडवाले बसत. लग्नसराईत लोक इथूनच ठरवून नेत. रातभर क्लॅरिनेटचा रियाज चाले. फोटो तर काढशीन, पण आवाज कुठून आणशीन?"

तो प्रश्न तिला चावला. तेव्हापासून ती जिथं फोटो काढी तिथं विचारी, इथं कधी काय वाजत होतं? आणि गाव बोलायला लागलं. जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये सरकी निवडताना बाया गात. मालधक्क्यावर हमाल गाठी ढकलताना एकजण गाण्याची ओळ उचली, बाकीचे ती ओढत. दर्ग्यापाशी उरुसाला कव्वाल उतरत. बंद टॉकीजच्या माथ्यावरचा भोंगा खेळाआधी गाणी लावी, त्यावर आसपासच्या बायका भाकरी थापायला घेत. संजीवनी रात्री त्या जागेचा फोटो काढी, दिवसा त्या म्हाताऱ्या माणसाला गाठी आणि फोनमध्ये त्याचं बोलणं, जमलं तर त्याचं गाणं भरून घेई. दुकानाच्या भिंतीवर फोटो लागले. गिऱ्हाईक वाट पाहता पाहता ऐकत बसे.

एक अडचण होती. शटर उघडं ठेवलं की चालतं-फिरतं माणूस फोटोत टिकत नाही, पुसलं जातं. बाजारातली एक बाई भिंत पाहून म्हणाली, "माय व, भुतायचं गाव केलं तू मलकापूरचं. माणसं गेली कुठं?"

ते तिला लागलं. कारण भिंतीवर एक जागा मुद्दाम रिकामी होती. तिचे वडील.

उत्तमरावांचा नळगंगेच्या काठी भाजीचा मळा आहे. मेथी, पालक, वांगी. कमी बोलणारा माणूस. पण एके काळी ते तुऱ्याचे शाहीर होते. कलगी आणि तुरा असे गाणाऱ्यांचे दोन फड. तुरेवाले शिवाला मोठं म्हणणार, कलगीवाले शक्तीला. रात्रभर समोरासमोर बसायचं, डफ घ्यायचा, एकानं कवनात प्रश्न टाकायचा, दुसऱ्यानं कवनातच उत्तर द्यायचं. संजीवनी जन्मली तोवर हे सगळं संपलं होतं. घरात डफ नव्हता, डफाची नुसती खोळ होती. तिच्यात आई सुक्या मिरच्या भरून ठेवायची. लहानपणी तिनं एकदा विचारलं होतं. "गळ्यातून उतरलं," वडील म्हणाले होते. पुढं विचारायची सोय नव्हती.

गावात विचारता विचारता तिला कळलं, की वडील कलगीच्या मोतीराम शाहिराकडून हरले होते आणि त्यांचा डफ अजून मोतीरामच्या घरी आहे. मोतीराम जाऊन बरीच वर्षं झाली. त्याची बायको कौशल्याबाई नदीपल्याड पारपेठेत राहते.

थंडीचे दिवस होते. संजीवनी अंधार पडल्यावर गेली, सगळे फोटो रात्रीचेच म्हणून. गोपालला बाहेर स्कूटीवर बसवलं.

दोन खोल्या, वर पत्रे. भिंतीवर शेजारी शेजारी दोन खुंट्या. एकीवर मोतीरामचा डफ, कडेला मोरपिसाची कलगी. दुसरीवर पांढऱ्या धुतलेल्या कापडात गुंडाळलेला एक डफ. कौशल्याबाईंनी कापड सोडलं.

"पाहुणा आहे तो," त्या म्हणाल्या. "सणावाराले तेल लावते. घरच्यापरीस पाहुण्याचं जास्त करा लागते."

"फोटो काढू का, काकू?"

"काढ. पाहुण्याचा कोणी काढलाच नाई."

त्या चहा ठेवायला आत वळल्या. संजीवनीनं कंदील लावला, कॅमेरा लावला. पण थंडीनं कातडं सैल पडलं होतं. फोटोत डफ मेल्यासारखा दिसे. खाटेजवळच्या शेगडीत निखारे होते. तिनं डफ उचलला आणि निखाऱ्यांवर धरला. भजनाच्या गावात वाढलेल्या कुणाचाही हात हेच करतो. आणि डफ शेकला की पुढचं हात आपोआप करतो. तिनं एक थाप मारली.

डफ खणखणीत बोलला.

आत भांडं पडलं. भिंतीपलीकडे शेजारी कुणी खोकत होतं, ते थांबलं. घडीभरात कानटोपी घातलेला एक म्हातारा दारात उभा राहिला. हा दयाराम. कलगीच्या फडातला शेवटचा झीलकरी, म्हणजे शाहिराच्या मागं ओळीचं शेपूट धरून सूर लांबवणारा.

"कोणी वाजवला?"

"मी," संजीवनी म्हणाली. "शेकून पाह्यला जरा."

"कोणाची तू?"

"उत्तमरावची."

दयाराम खाटेवर बसलाच. मग त्याला हसू फुटलं. "वा व पोरी! बापाले सारी जिंदगी जमलं नाई ते तू एका थापेत केलं. बोलावणं धाडलं!"

"कसलं बोलावणं?"

"हरलेला डफ जिंकलेल्याच्या घरी मुका राह्यते. आमच्या दोन फडायचा रिवाज आहे. ज्या दिवशी तो वाजला, त्या दिवशी बोलावणं झालं. येत्या पुनवेले पारावर बसा लागते. तुह्या बापानं हरला त्या प्रश्नाचं उत्तर गायलं तर डफ घरी. नाई गायलं तर कातडं फाडाचं अन् कडं नदीत सोडाचं."

तिनं डफ खाली ठेवला. "काका, चुकून वाजला हो."

"चुकून वाजला काय अन् जाणून वाजला काय. डफाले काय समजते?"

"निदान कोणाले सांगू नका."

"मी? माह्या पोटात तर चहा बी टिकत नाई," म्हणत दयाराम उठला आणि अंधारात नाहीसा झाला. सकाळपर्यंत पारपेठेतल्या सगळ्या टपऱ्यांना ही बातमी कळणार हे उघड होतं.

कौशल्याबाई दाराला टेकून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पाहून संजीवनीला वाटलं, डफ हातचा जाणार म्हणून या घाबरल्या आहेत.

"बस," त्या म्हणाल्या. "तुले प्रश्न माहीत आहे?"

तिला माहीत नव्हता. कौशल्याबाईंनी तो म्हटला, गाऊन नव्हे, हलक्या आवाजात, बाळाला सांगावा तसा.

"दिवसा धनी सूर्य नभीचा, उजेडा धनी ज्योत,
सांग शाहिरा भरल्या फडात, रातीचं कोणतं गोत?"

"तुह्या बापानं लय वेळ मान खाली घातली. मंग डफ पुढं ठेवला अन् उठून गेला. पण त्याले अजून एक वाट होती, आताही आहे. हारलेल्यानं म्हणाचं, हारलो, आता तुमचं उत्तर तुम्हीच गा. मंग प्रश्न टाकणाऱ्याले गाच लागते."

"अन् नाही गायलं तर?"

"तर प्रश्न खोटा ठरला. डफ त्याचा त्याले वापस. अन् खोटा प्रश्न टाकणाऱ्याच्या नावावर लोक थुकतात. तो मेला असला तरी."

संजीवनीनं विचारलं, "तुमाले येते ना पण उत्तर?"

"शाहिरालेच येत नव्हतं. मले कुठून येईन?"

त्या नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या. शाहीर म्हणत. जिंकून आले त्या रात्री शाहीर गुलालानं माखले होते आणि जेवले नव्हते. "म्हणे, सुचलं अन् टाकलं. उत्तर नव्हतंच माह्यापाशी. उत्तम उत्तर मागीन अन् माह्यी इज्जत उतरीन असं वाटलं. त्यानं मागितलंच नाई." मग आयुष्यभर ते उत्तर जुळवत राहिले. शेवटी खाटेवर पडले तरी बोटं हलत. त्यांना सापडलं नाही.

चहा निवला होता. कौशल्याबाईंनी डफ पुन्हा कापडात बांधला. गाठ मारताना म्हणाल्या, "बापाले सांगशीन तर तुह्यं बरोबर आहे. डफ तुमचा आहे. मी तुले अडवत नाई."

परतताना पुलावर संजीवनीनं गोपालला सगळं सांगितलं. तो एकदम जागा झाला. "मंग काय? सांगून टाक बाबाले. पारावर दोन शब्द बोलायचे, डफ घरी."

"अन् मोतीराम काकाचं नाव?"

"मेलेल्या माणसाले काय होते?"

"काकू जित्या आहेत ना."

गोपाल घर येईपर्यंत जागा राहिला.

दुसऱ्या दिवशी ती मळ्यावर गेली. उत्तमराव मेथीच्या जुड्या बांधत होते. बातमी त्यांच्या आधी बाजाराला आणि बाजारातून त्यांना कळली होती.

"सांगायले आली का फोटो काढायले?" त्यांनी वर न पाहता विचारलं.

"बाबा, चुकलं माझं."

"बोट लागलं का थाप?"

"थाप."

"कसा बोलला?"

"चांगला बोलला. खणखणीत."

उत्तमरावांचा हात जुडीवर थांबला. ते हसले. तोंडभर नव्हे, मिशीतल्या मिशीत. "तेल लावत असन वहिनी," ते म्हणाले.

तिला धीर आला. "बाबा, कौशल्याकाकूनं मले एक गोष्ट सांगितली..."

"तुले सांगितली ना? मले नाई सांगितली." त्यांनी जुडी टोपल्यात टाकली. "एका घरचं ऐकलेलं दुसऱ्याच्या बांधावर सांडू नाई. जाय, त्या वाफ्याचं पाणी मोड."

तिनं पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं. तोंड मात्र मिटलेलंच राहिलं. वडिलांना एका वाक्यात वाचवता येत होतं आणि ते वाक्य ऐकायलाच ते तयार नव्हते.

पुनव जवळ यायला लागली. चहाच्या टपऱ्यांवर लोक तिला थांबवून विचारू लागले. "काय व, बाबा गाते का?" कापसाच्या गाड्या जिनिंगबाहेर रांग लावून उभ्या असत, तिथले गाडीवानसुद्धा ओळखीचं हसत. बँडच्या फळीशेजारचा चहावाला म्हणाला, "आवाज कुठून आणशीन म्हटलं होतं मी. तू तर भांडणच आणलं."

एका रात्री ती पुलावरून नळगंगेचा फोटो काढत होती. पाण्यात चंद्र होता, काठावर धुकं. शटर उघडं ठेवलं, बंद केलं. फोटो मोठा करून पाहिला आणि दचकली. काठावरच्या मळ्यात उजेडाचा पिवळा दोरा पसरला होता. वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत, पुन्हा परत. इतक्या वेळा, की दोऱ्याचा गुंडा झाला होता. तिनं डोळे बारीक करून खाली पाहिलं. वडील हातात बॅटरी घेऊन मेथीच्या वाफ्यांमधून येरझारा घालत होते. थांबत, मान हलवत, पुन्हा चालत. फोटोत ते नव्हते. त्यांचं चालणं होतं.

तिनं गोपालला हलवलं. तो म्हणाला, "डुकरं हाकलून राह्यले असतीन." मग फोटो पाहिला आणि स्वतःच म्हणाला, "नाई. डुकराच्या मागं माणूस सरळ नाई चालत."

पुनवेला पारावर सतरंज्या पडल्या. म्हातारे आले, ते काठ्या टेकत. त्यांना पोचवायला पोरंसोरं आली ती तिथंच बसली. कलगीच्या बाजूला दयाराम तुणतुणं घेऊन, आणि त्याच्या शेजारी कौशल्याबाई. समोर मोतीरामचा डफ. डोक्यावरून पदर घट्ट. फडाच्या त्या बाजूला बाई कधी बसली नव्हती. पण शक्तीचं गाणं गाणाऱ्यांना बाईला उठवता येईना.

तुऱ्याच्या बाजूला उत्तमराव एकटे. धुतलेलं धोतर, पांढरा सदरा. संजीवनी ट्रायपॉड उभा करत होती.

"संजू," त्यांनी हाक मारली. "ते राहू दे. इकडं ये. झील धराले कोणी नाई."

"बाबा, मले कुठं येते?"

"मी थांबीन तिथं तू धर. एवढंच असते."

तिनं कॅमेरा गोपालकडे दिला. त्यानं छोट्या टाळांची मंजिरीसुद्धा हातात घेतली होती. दयाराम ओरडला, "जावई, ताल समजते का?" गोपाल म्हणाला, "नाई काका. पण बायको सांगते तसं करायची सवय आहे." पारावर हशा पिकला. मंजिरी त्याच्याकडून काढून घेण्यात आली.

पाहुणा डफ मध्ये ठेवला गेला. दयारामनं तुणतुणं छेडलं आणि मोतीरामचा प्रश्न उचलला. म्हातारा आवाज, पण वर चढला तो उतरेना. दिवसा धनी सूर्य नभीचा. पारावरचे म्हातारे एकेक करून सरसावले. रातीचं कोणतं गोत, असा शेवट करून त्यानं तुणतुणं खाली ठेवलं.

उत्तमरावांनी मान खाली घातली. बराच वेळ गेला.

संजीवनीला फक्त कौशल्याबाईंचे हात दिसत होते. ते मोतीरामच्या डफाच्या कड्यावर आवळले होते. वडिलांनी नुसतं हारलो, तुमचं उत्तर गा म्हटलं की संपलं. डफ वाचणार होता आणि मोतीरामच्या नावावर लोक थुंकणार होते. तिनं वडिलांकडे पाहिलं. आपण सांगितलं नाही ते बरोबर केलं का चूक, हे तिला त्या क्षणी कळत नव्हतं.

मागून एकानं आवाज दिला, "हारले म्हणा ना शाहीर! थंडी वाजून राह्यली!"

"थांब बे," उत्तमराव म्हणाले. "मेथी इकून राह्यलो का मी?"

हशा विरायच्या आत त्यांनी डफ उचलला. समोरच्या शेगडीवर धरला. थाप मारली. आणि गायले. गळा चिरकला होता, पण त्यातून ओळ सरळ निघाली.

"गोत तिला ना, नाव तिला ना, सासर ना माहेर,
जो जो जागा तिच्या संगती, तोच तिचा सोयर."

सोयर या शब्दावर ते थांबले. संजीवनीनं धरलं. सूर जरा खाली लागला, मग सापडला. पलीकडून दयारामनं नकळत आपलाही आवाज त्यात घातला. तो कलगीचा होता, तुऱ्याच्या ओळीला त्याची झील लागायला नको होती. पण लागली.

प्रश्न कलगीचा, तेव्हा उत्तर खरं की खोटं हे कलगीनंच सांगायचं. सगळ्यांचे डोळे कौशल्याबाईंकडे वळले. त्या उत्तमरावांकडे पाहत होत्या. पहिल्यांदाच पदर मागे सरला होता.

"हेच," त्या म्हणाल्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "शाहिरायचं उत्तर हेच होतं."

दयारामनं कानटोपी हवेत फेकली. हरला होता तो, पण ते त्याच्या लक्षात राहिलं नाही. म्हातारे उठून उत्तमरावांच्या पाया पडू लागले, मोतीरामच्या डफाच्याही. एवढं अवघड उत्तर मोतीरामजवळ होतं आणि माणूस कधी बोलला नाही, असं जो तो दुसऱ्याला सांगत होता. संजीवनी जागची हलली नाही. सबंध पारावर तिघांनाच माहीत होतं की मोतीरामजवळ उत्तर नव्हतंच. कौशल्याबाई, गोपाल आणि ती. असं तिला वाटलं.

गोपालनं काढलेले फोटो तिनं तिथंच पाहिले. सगळे हललेले. हात, तोंडं, कंदील, सगळ्याचा धूर झालेला. एकाच फोटोत एकच माणूस सुईच्या टोकाइतकं स्पष्ट आलं होतं. उत्तर येण्याआधीच्या कौशल्याबाई. त्या बराच वेळ अजिबात हलल्या नव्हत्या.

मळ्याकडे जाताना उत्तमराव डफ छातीशी धरून चालत होते. गोपाल स्कूटी ढकलत मागून. संजीवनीनं विचारायचं नाही असं ठरवलं होतं. पुलावर तिनं विचारलं.

"बाबा, मोतीराम काकाजवळ उत्तर नव्हतं. तुमाले माहीत होतं?"

"त्याच रातीपासून."

ती थांबली. "कसं?"

"ज्याच्यापाशी उत्तर असते तो समोरच्याच्या डोळ्यात पाहते, आता हा कसा फसते म्हणून. मोत्या प्रश्न टाकून आपल्याच डफाकडं पाहत बसला. मी समजलो."

"मग मागितलं काऊन नाही?"

"त्याच्या पारावर? त्याची बायको बायकायत बसली होती. तिच्यादेखत त्याले नागवा करू?" ते पुन्हा चालायला लागले. "मोत्या अन् मी एका ताटात जेवलो आहो."

"पण गाणं तरी कशाला सोडलं मग? खरं तर तुम्ही हरलेच नव्हते."

"लोकायच्या हिशोबात हारलो होतो ना. हरलेला डफ मुका राह्यते. मंग त्याच्या शाहिरानं बोंबलत फिरावं का? रिवाज म्हणजे रिवाज."

संजीवनीला खोळीत मिरच्या भरणारी आई आठवली. गळ्यातून उतरलं, हे दोन शब्द आठवले. एका मित्राची लाज झाकायला या माणसानं आपला गळा खुंटीला टांगला होता, आणि त्याबद्दल त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. नदीवरचा वारा बोचतो म्हणून तो डफावर उपरणं घालत होता.

"अन् उत्तर?" गोपालनं मागून विचारलं. "ते कवाचं?"

"आताचं. मेथीतलं," उत्तमराव म्हणाले. "हिनं थाप मारली म्हणून शोधा लागलं. नाईतर मी कायले शोधतो?"

त्यानंतरच्या सोमवारी संजीवनी मळ्यावर होती. उत्तमरावांना गाताना फोनमध्ये भरून घ्यायचं होतं. ते तयार होते, पण आधी वांगी तोडून होऊ दे म्हणत होते. तेवढ्यात बांधावरून कौशल्याबाई येताना दिसल्या. हातात पिशवी. मेथी घ्यायला आल्या होत्या म्हणे. पारपेठेत मेथी मिळत नाही अशातली गोष्ट नव्हती.

"पुढच्या पुनवेले प्रश्न तुमचा," त्या म्हणाल्या. "जिंकलेल्यानं टाकाचा असते."

"हाव वहिनी. टाकतो ना."

"सोपा टाकजा भाऊजी."

"सोपा काऊन? दयारामचा गळा अजून लय आहे."

"दयारामच्या गळ्यात गाणं आहे, डोक्यात नाई. कलगीकडून मीच गाईन म्हणते." त्या पिशवीत मेथी भरत राहिल्या. "हसाचं असन तर आत्ताच हसून घ्या. पारावर हसले तर मी उठून जाईन."

उत्तमराव हसले नाहीत. त्यांनी दोन जुड्या जास्तीच्या पिशवीत टाकल्या. "वहिनी, प्रश्न सोपा नाई टाकणार मी," ते म्हणाले. "शाहिराले सोपा प्रश्न टाकणं म्हणजे त्याची बेअदबी."

कौशल्याबाईंनी पदर सावरला. त्यांना तो शब्द ऐकू आला होता, शाहिराले. त्या वळल्या. बांधावरून जाताना त्यांचे ओठ हलत होते आणि मोकळ्या हाताची बोटं पिशवीवर ठेका धरत होती.

उत्तमरावांनी कान टवकारले. मग मुलीकडे वळून म्हणाले, "पाह्य. मी प्रश्न टाकायच्या आंधीच उत्तर जुळवून राह्यली ते."